पाठीची खुर्ची, नग एक

आमची आई म्हणायची, उभ्यानं जेवू नको, अंगी लागत न्हाय. उभ्यानं पाणी पिऊ नको, गुडघे जातात. आन् उभ्यानं बोलू नको, भांडणं लागतात. तरीबी आमच्या हापिसात पुण्याच्या एका मॅडमनं रोज सकाळी सगळ्यांना उभं करून बोलायला लावलं, आन् त्यातनं मला बसायची जागा मिळाली. कशी मिळाली ते सांगतो. मधी जरा भरकटीन, सांभाळून घ्या. एकतीस वर्षं शिपाई हाय मी. सरळ रेषेत एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर गेलोय असं एकदाबी झालं न्हाय.

आमची शिक्षणसंस्था. करकंब, माढा, जेऊर, अशा अकरा शाळा, आन् सोलापुरात हेडहापीस. हापिसात माणसं पाच. साहेब म्हंजे अधीक्षक सिद्धलिंगसाहेब. आवक-जावकला गोदावरीबाई, हिकडनं आलेल्या आन् तिकडं गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर देणार. सामानाला गुरुशांत; त्याच्याकडं जडवस्तूंचं रजिस्टर. खुर्ची, टेबल, घंटा, पृथ्वीचा गोल, सगळं त्यात. कॉम्प्युटरला काव्या. आन् साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर मी, बसलिंगप्पा. सगळी अप्पा म्हणतात.

आता स्टूल म्हंजे काय, सांगतो. स्टुलावर बसणं म्हंजे उभंच ऱ्हाणं, फक्त जरा खाली. टेकावं तर मागं भिंत पायजे, आन् माझ्या मागं साहेबांचं दार. टेकलो की दार उघडायचं आन् मी साहेबांच्या पुढ्यात उताणा. असं तीनदा झालं. तिसऱ्या टायमाला साहेब म्हणले, "बसलिंगप्पा, बेल वाजवल्याशिवाय यायचं नाही."

म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी अर्ज केला. गोदावरीबाईंनी लिवून दिला, अक्षर बगाल तर लग्नपत्रिका: "अर्जदारास पाठ आहे, परंतु आसनास नाही. तरी पाठीची खुर्ची, नग एक, मिळावी." साहेबांनी शेरा मारला, चर्चा करावी. चर्चा झाली. मंग शेरा आला, पाठीचा पुरावा जोडावा. मी डॉक्टरकडं गेलो, पाठ हाय असं सर्टिफिकेट आणलं. मंग शेरा आला, इतर शिपायांशी तुलना करून अहवाल द्यावा. शिपाई मी एकटाच. तुलना कुणाशी करायची? फाईल फिरायला लागली. आन् गंमत बगा, फाईल ह्या टेबलावरनं त्या टेबलावर नेणार कोण? मीच. स्वतःची खुर्ची अकरा वर्षं डोक्यावर घेऊन फिरलो म्हणा की.

पुढल्या वर्षी एकतीस मेला रिटायर हाय. आमच्या वक्ताला गुरुजी सगळ्यांचीच जन्मतारीख एक जून लावायचे, म्हणून सगळी एकदमच रिटायर होतात. घरी चन्नव्वा, म्हंजे आमची मंडळी, रोज विचारायची, "आली का खुर्ची?"

"येतीया की."

"तुमी रिटायर झाल्यावर येईल. मंग तुमचा फोटू ठेवतील तिच्यावर."

अशी बायको असल्यावर माणसाला पाठीला टेकू कुटनं मिळायचा, तुमीच सांगा.

तर त्या एप्रिलात अध्यक्षसाहेब पुण्याला जाऊन कसलंतरी भाषण ऐकून आले. आल्या आल्या फर्मान काढलं, आपलं हापीस आता अजाईल, म्हंजे चपळ, पद्धतीनं चालणार. शिकवायला उर्वी मॅडम येतील, दीड महिना. आमाला वाटलं तपासणी हाय. गुरुशांतनं दोन रात्री जागून सगळी टेबलं मोजली. गोदावरीबाईंनी सुटी टाकायची का काय, ते ज्योतिषाला विचारलं.

आली, बघतो तर पोरगी. पायात बूट, पाठीला पिशवी, चेहरा हसरा. तपासणीवाला माणूस हसत न्हाय, म्हणून साहेबांना जास्तच भीती वाटली.

तिनं भितीवर रंगीत पट्टी लावून तीन खण पाडले. करायचं, चालू, झालं. आन् चौकोनी चिकट चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढले, पिवळे, गुलाबी. म्हणली, "प्रत्येकाने आपलं काम चिठ्ठीवर लिहायचं. काम पुढे गेलं की चिठ्ठी पुढे सरकवायची. म्हणजे कुणाचं कुठे अडलंय ते सगळ्यांना दिसतं."

गोदावरीबाई म्हणल्या, "चिठ्ठी आवक करायची की जावक?"

"म्हणजे?"

"कागद आहे ना तो? कार्यालयात आलाय ना? मग नंबर नको?"

मॅडमना वाटलं चेष्टा हाय. चेष्टा न्हवती. संध्याकाळपर्यंत सदतीस चिठ्ठ्यांना नंबर पडले, शिक्का बसला. शिक्का चिठ्ठीपेक्षा मोठा असल्यानं खालचं काम दिसंना. एक गुलाबी चिठ्ठी मॅडमनं "करायचं"मधनं "चालू"मध्ये सरकवली, तर बाई धावल्या, "अहो, अहो! जावक न करता?" त्या खणातनं जावक आन् ह्या खणात आवक. एक वीत भर अंतर, दोन रजिस्टरं.

मंग उभ्याची मीटिंग. रोज साडेधाला, पंधरा मिनटं, सगळ्यांनी गोल उभं ऱ्हायचं. जागा व्हावी म्हणून खुर्च्या भितीला सरकवल्या. आन् मॅडमनं इकडं तिकडं बगितलं, माझं स्टूल उचललं, आन् त्याच्यावर आपला लॅपटॉप ठेवला. "काका, हे घेते हं, चालेल ना?" म्हणली. इतक्या गोड विचारलं की व्हय म्हणलो. एकतीस वर्षांत कुणी चालेल का विचारलं न्हवतं. स्टूल गेलं ते गेलंच. आता माझ्याकडं पाठ तर न्हवतीच, बूडबी न्हाय राह्यलं.

मीटिंगमधी प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, कुटं अडलंय.

साहेब म्हणले, "मी कुणाला सांगणार? मला विचारणारा इथं कुणी नाही."

गोदावरीबाई म्हणल्या, "काल आवक केली, आज जावक करीन. अडलं काही नाही, गुडघा सोडून."

गुरुशांत म्हणला, "काल सामान व्हतं. आजबी हाय."

काव्या म्हणली, "माझं प्रिंटर अडलंय," तर साहेबांनी असं बगितलं तिच्याकडं, की बिचारी लगीच म्हणली, "म्हणजे नाही अडलेलं."

मंग माझी पाळी. मी म्हणलं, "काल चहा दिला. आज देणार. अडलंय म्हणाल तर स्टूल अडलंय, तुमच्या कॉम्प्युटरखाली."

मॅडम खळखळून हसल्या. मंग इचारलं, "तुम्ही दिवसभर उभे आहात?"

"बसायचं कशावर?"

त्यांनी लगीच चिठ्ठी घेतली, स्वतःच्या हातानं लिवलं, "अप्पा – पाठीची खुर्ची", आन् करायचंच्या खणात सगळ्यात वर लावली. अकरा वर्षांची माझी जाडजूड फाईल आन् ही एवढीशी पिवळी चिठ्ठी. चिमणीला हत्तीचं काम दिल्यागत वाटलं. पण खरं सांगतो, छाती भरून आली.

पुढं म्हणली, "हे काम किती मोठं आहे? एक ते पाच. सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची. एक, दोन, तीन!"

एकदम कोण दाखवतंय? सगळ्यांनी आधी साहेबांच्या हाताकडं बगितलं. साहेबांनी नाक खाजवायला एक बोट वर केलं. सगळ्यांची एकेक बोटं वर. अकरा वर्षांचं काम एका बोटावर आलं बगा.

आता पंख्याचं सांगतो. पुढचा सगळा गोंधळ त्यानंच केला. म्हंजे मीच केला, पण सुरुवात त्याची.

दुसऱ्या आठवड्यात मॅडम दोन दिवस पुण्याला गेल्या. शुक्रवार. सोलापूरचा एप्रिल, डांबरावर भाकरी टाकली तर पापुद्रा सुटंल. दुपारी लाईट गेली. सगळ्यांनी खिडक्या उघडल्या, आवक-जावकच्या रजिस्टरानं वारा घेतला. पाचच्या सुमाराला लाईट आली, आन् पंखा एकदम सुटला. आमच्या पंख्याला रेग्युलेटर न्हाय. एक तर बंद, न्हायतर इमान. भितीला ऑइलपेंट, वर घामाची वाफ. खुर्चीची धरून अडतीसच्या अडतीस चिठ्ठ्या सुटल्या. एक साहेबांच्या टकलावर बसली, गुलाबी. साहेबांना कळलं न्हाय, सांगायचं धाडस कुणाला न्हवतं. घरी गेल्यावर काढली असणार.

सगळी बस गाठायला निघाली. मी आपला गुडघ्यावर बसून चिठ्ठ्या गोळा केल्या. परत लावायला गेलो तर करायचंच्या खणावर पंख्याचा झोत, चालूच्या खणावर खिडकीचं वारं. झालंचा खण तेवढा कपाटाच्या आडोशाला, वारा शिवत न्हाय. मी विचार केला, सोमवारी मॅडम येतील, त्यांचं त्या लावतील. तवर सुरक्षित तरी ऱ्हाऊ दे. चिकटपणा तर गेलेला. मंग चहाच्या शेगडीवर मैद्याची खळ शिजवली आन् सगळ्या चिठ्ठ्या कपाटाच्या आडोशाला पक्क्या चिकटवल्या. काम असं केलं की भूकंप आला असता तर भित पडली असती, चिठ्ठी न्हाय.

आन् काव्या काय करायची? दर शुक्रवारी जाता जाता भितीचा फोटू काढून अध्यक्षसाहेबांना पाठवायची. त्या दिवशी पिशवी इसरली म्हणून परत आली, आठवण झाली, फोटू काढला, पाठवला, गेली. मी भांडी धूत व्हतो.

घरी पोचायच्या आत अध्यक्षांचं उत्तर. दोन आठवड्यांत सदतीस कामं पूर्ण! संस्थेच्या इतिहासात असं झालं न्हवतं. शनिवारी अभिनंदनाचं पत्र आलं. गोदावरीबाईंनी आवक केलं. अकरा शाळांना प्रती गेल्या, त्या जावक केल्या.

लगीच करकंबच्या हेडमास्तरांचा फोन. त्यांच्या शाळेच्या नळाची एक चिठ्ठी व्हती भितीवर. "अभिनंदन साहेब! पण आमचा नळ झाला म्हणता, तो कुटं झाला? आमी इथं सगळीकडं बगितलं."

सोमवारी मॅडम आल्या, भित बगितली, कपाळाला हात लावला. चिठ्ठी उपटायला गेल्या तर पोपडा निघाला. म्हणल्या, "अहो, अध्यक्षांना कळवू या ना, चूक झाली म्हणून."

साहेबांनी डोळे मिटले. "मॅडम, अभिनंदन झालेलं आहे. आता काम झालं नाही असं म्हणणं म्हणजे अध्यक्ष चुकले असं म्हणणं. नळ बसवणं त्यापेक्षा सोपं."

त्याच दिवशी दुपारी गुरुशांतनं एक रजिस्टर पुढं धरलं. माझ्या एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात टपाल. "अप्पा, हितं सही." मी केली. आता तुमी म्हणाल, वाचलं न्हाय? एकतीस वर्षं मी हितं सही म्हणलं की हितं करतो, तितं म्हणलं की तितं. आमाला चौथीपर्यंत सही करायला शिकवलं, वाचून करायची हे पाचवीत असणार.

त्या ओळीत काय लिवलं व्हतं ते पंधरा दिवसांनी कळलं.

वर्षाला एकदा आमच्याकडं जडवस्तूंची पडताळणी होते. माढ्याच्या शाळेचे बसप्पा मास्तर येतात. पांढराफेक शर्ट, पांढरी विजार, कानामागं लाल पेन. लई कडक माणूस. जेऊरच्या शाळेत एकदा एक डाव कमी भरला, तर दोन दिवस खिचडी वाढू दिली न्हवती. मास्तरांनी एकेक वस्तूला हात लावत नेलं, आन् माझ्यापुढं येऊन थांबले.

"जडवस्तू क्रमांक चारशे बारा. पाठीची खुर्ची, नग एक. बसलिंगप्पा शिपाई यांचे ताब्यात. कुटं हाय?"

मी म्हणलं, "तेच मी अकरा वर्षं इचारतोय."

"चेष्टा नको. ही सही तुमची?"

बगितली. माझीच. शेवटचा 'प्पा' नेहमीसारखा घसरलेला.

गुरुशांतला मी बाजूला घेतलं. "आरं, खुर्ची आली कवा?"

"झालंमधी व्हती की अप्पा चिठ्ठी. झालं म्हंजे आलं, आलं म्हंजे नोंद. न आलेल्या वस्तूचं काम झालंच कसं असंल?"

बसप्पा मास्तरांनी शांतपणे लाल पेन कानामागनं काढलं. "मी शनिवारी परत येतो. खुर्ची दाखवा, न्हायतर संस्थेची वस्तू गहाळ केली म्हणून सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद होईल."

सेवापुस्तक म्हंजे माझी एकतीस वर्षं. त्यात निळ्या शाईशिवाय दुसरा रंग न्हाय. लग्नाची रजा निळी, आईच्या दिवसाची रजा निळी. आन् शेवटच्या वर्षी लाल? तेबी न बसलेल्या खुर्चीपायी?

साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढली. काढावीच लागती. आन् नोटीस बजावणार कोण? शिपाई. मी टपालाची वही घेतली, नोटीस घेतली, दाराबाहेर गेलो, स्वतःला दिली, पोच म्हणून सही घेतली, आन् आत येऊन म्हणलं, "साहेब, बजावली." साहेबांनी इचारलं, "घ्यायला नकार तर नाही ना दिला?" सवयीनं इचारलं बिचाऱ्यानं.

संध्याकाळी शेजारचे गंगाधरराव आले. कचेरीतनं हेडक्लार्क म्हणून रिटायर. गल्लीत कुणाला नोटीस आली की ह्यांना वास लागतो. चष्मा लावून दोनदा वाचली आन् खूश होऊन म्हणले, "बसलिंगप्पा, उत्तम नोटीस आहे! आधी नाकारायचं. मग मुदत मागायची. मग विचारायचं, खुर्ची म्हणजे नेमकं काय, व्याख्या कळवावी. यातच दोन वर्षं जातात. तुम्ही रिटायर."

"आन् लाल शाई?"

"ती राहते. पण तुम्ही नसता ना!"

चन्नव्वा आतनं भाकऱ्या थापता थापता आयकत व्हती. म्हणली, "न मिळालेली खुर्ची हरवणारा माणूस सगळ्या सोलापुरात माझ्याच वाटणीला आला." आन् मला कानडीत म्हणली, "सुम्म कुंद्री." म्हंजे गप बसा. मी म्हणलं, "बसू कशावर?" तवा ती पहिल्यांदा हसली न्हाय. ताट वाढलं आन् पाठीवर हात ठेवून गेली. तिचा हात पाठीवर आला की समजायचं, प्रकरण गंभीर हाय.

शुक्रवारी सकाळी उभ्याची मीटिंग. उद्या मास्तर येणार. मॅडमनं नेहमीसारखं इचारलं, "कुणाचं काय अडलंय?" मला काय झालं म्हायत न्हाय, बोलून गेलो.

"माझं अडलंय मॅडम. ह्या हापिसात एकतीस वर्षं मी सगळ्यांचं अडलेलं हिकडनं तिकडं नेलं. माझं नेणारा कोण न्हाय. चूक माझी हाय, खळ मी लावली, सही मी केली. पण ती खुर्ची मी हरवली न्हाय. एवढं तुमी पाच माणसं तरी म्हणा."

काव्या हळूच म्हणली, "फोटो मी न बघता पाठवला." गोदावरीबाई म्हणल्या, "आवक मी केलं." गुरुशांत म्हणला, "नोंद माझी." साहेबांनी घसा खाकरला. खाकरून खाकरून शेवटी म्हणले, "बोट मी वर केलं होतं. नाक खाजवायला."

मॅडम म्हणल्या, "छान. आता कुणी चिठ्ठी लिहू नका. संध्याकाळपर्यंत आपल्याला काय हवंय?"

"खुर्ची."

"अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत ना? त्यातून एक करू."

गुरुशांत दारात आडवा उभा राह्यला. "हात लावायचा न्हाय! तीनशे आठचा पाय चारशे बाराला लावला तर तीनशे आठला काय तोंड दाखवू? मोडकी असली तरी रजिस्टरला हाय ती."

"मग रजिस्टरला नसलेलं काहीच नाही का?"

"हाय की. तो मागचा ढीग. निर्लेखित सामान. कागदावरनं काढून टाकलंय, चार वर्षं लिलावाची वाट बघतंय. त्याला हात लावता येत न्हाय, कारण ते न्हाईच."

बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राह्यलं. मॅडम बगायला लागल्या, साहेब बगायला लागले. मला आधी समजलं न्हाय, मंग समजलं. हिकडं एक खुर्ची कागदावर व्हती आन् जगात न्हवती. तिकडं ढीगभर सामान जगात व्हतं आन् कागदावर न्हवतं. देवानं जोडा जमवून ठेवला व्हता, मधी फक्त भटजी पायजे व्हता.

साहेबांनी हापिसाच्या दाराला पाटी लावली, "अंतर्गत कामासाठी बंद," आन् शर्टाच्या बाह्या वर केल्या. आमी साहेबांची कोपरं पहिल्यांदा बगितली.

मॅडम म्हणल्या, "एकदम पूर्ण खुर्ची नको. आधी नुसतं बसता येईल एवढं करा. अप्पा बसून सांगतील काय चुकलं. मग पुढचं."

ढिगातली बेंचाची फळी, चार पाय, ठोकाठोक. तासाभरात तयार. मी बसलो. "मॅडम, हे स्टूल झालं."

"बरोबर. पुढे."

मागं फळी ठोकली. बसलो. पाठ अशी ताठ की राष्ट्रगीत सुरू हाय असं वाटलं. पुढं. फळी जरा कलती केली. टेकलो आन् पाय वर, डोकं खाली, थेट साहेबांच्या दारातनं आत. साहेब आतनं खिळे घेऊन येत व्हते. मला बगून सवयीनं म्हणले, "बेल वाजवल्याशिवाय..." आन् मधीच हसायला लागले. त्यांना हसताना आवाज येत न्हाय, नुसतं पोट हलतं, हे सतरा वर्षांत कळलं न्हवतं.

पाठीला फळी नको, नवार विणू, असं काव्या म्हणली. तिच्या घरात तीन पिढ्या माग. पण तिनं स्वतः कवा धोटा धरला न्हवता. व्हिडिओवर आजीला लावलं. आजी तिकडनं तेलुगूत ओरडतीया, ही हिकडं पट्टी खालनं वर घेतीया. आजीनं मधीच इचारलं, कुणासाठी? काव्यानं माझ्याकडं फोन धरला. आजीनं मला निरखून बगितलं आन् कायतरी म्हणली. काव्या म्हणली, "म्हणते, माणूस रुंद आहे, दोन पट्ट्या वाढव."

गोदावरीबाईंनी घरनं चादर आणून घडी घातली. साहेबांनी तीन खिळे सरळ ठोकले, चौथा अंगठ्यावर. गुरुशांतनं काळ्या रंगानं पाठीच्या वरच्या पट्टीवर चारशे बारा काढलं. सहाला खुर्ची उभी. एक पाय मात्र आखूड, बसलं की डुगडुग. बाकीचे पाय कापायला वेळ न्हाय. मॅडमनं पिशवीतनं चिकट चिठ्ठ्यांचा अख्खा कोरा गठ्ठा काढला आन् पायाखाली सारला. गपकन थांबली. दीड महिन्यात त्या चिठ्ठ्यांनी एवढं पक्कं काम दुसरं केलं न्हवतं.

शनिवारी बसप्पा मास्तर आले. खुर्ची बगितली, वाकून बगितली, उलटी केली, सुलटी केली. गठ्ठा मी परत पायाखाली सारला.

"बिल कुटंय?"

गोदावरीबाई शांतपणे पुढं झाल्या. "खुर्चीचं काम पूर्ण झाल्याबद्दल माननीय अध्यक्षांचं अभिनंदनपत्र. आवक क्रमांकासह."

मास्तरांनी वाचलं. अध्यक्षांची सही बगितली. पेन कानामागं गेलं. "ठीक. बसून बगतो." आन् बसले. चांगले टेकून, डोळे मिटून बसले. माढ्याहून यष्टीत उभ्यानं आले व्हते. पाच मिनटं हालले न्हाईत. उठले आन् म्हणले, "सुस्थितीत." निळ्या शाईनं लिवलं. निळ्या! मी डोळ्यांनी बगितलं.

ते वळून निघाले तवा काव्यानं तोंडात ओढणी कोंबली. रंग वाळला न्हवता. मास्तरांच्या पांढऱ्याफेक शर्टावर पाठीवर चारशे बारा, उलटं उमटलेलं. सांगायचं का, म्हणून मी साहेबांकडं बगितलं. साहेबांचं पोट हलत व्हतं. गुरुशांत मात्र खरोखर काळजीत पडला. "अप्पा, चारशे बारा नग एक हाय. हे दोन झाले. एक तर माढ्याला चाललंय."

सोमवारी उभ्याची मीटिंग, मॅडमचा शेवटचा आठवडा. सगळी गोल उभी राह्यली. मीबी राह्यलो, खुर्चीच्या बाजूला, नवरीशेजारी उभं ऱ्हावं तसा. बसायचा धीर होईना. साहेब उभे, बाई उभ्या, आन् शिपाई बसंल कसा?

साहेबांनी घड्याळाकडं बगितलं, मंग माझ्याकडं. एकतीस वर्षांत साहेब लोकांनी मला चहा आण म्हणलं, फाईल ने म्हणलं, दार लाव म्हणलं. ह्या साहेबांनी हळू आवाजात म्हणलं, "बसा, बसलिंगप्पा. त्याशिवाय सुरू कसं करणार?"

बसलो. पाच माणसं उभी आन् मी एकटा बसलेला. सोलापुरात उभ्याची मीटिंग बसून करणारा दुसरा माणूस असंल तर दाखवा.

मॅडम म्हणल्या, "तुमच्यापासून. काल काय केलं?"

"काल रविवार व्हता. चन्नव्वाला हापिसाचं दार उघडून खुर्ची दाखवली. ती म्हणली, बसून दाखवा. मंग म्हणली, उठा, मलाबी बसू द्या."

"आणि आज?"

"आज बसणार."

"अडलंय काही?"

मी मागं झालो. मागं दार न्हवतं, भित न्हवती. दोन पट्ट्या वाढवलेली नवार व्हती.

"न्हाय मॅडम," मी म्हणलं, "पाठ टेकली."